ऑर्किडची फुले गळाल्यानंतर

ठाण्यातील एका निवृत्त शिक्षिकेच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा जुन्या विद्यार्थिनींनी फळांच्या टोपलीऐवजी ऑर्किडची कुंडी आणून दिली. फेब्रुवारीचे दिवस होते. लांब, वाकलेल्या दांड्यावर पांढरी-जांभळी फुले ओळीने लागलेली होती. काठी घेऊन घरातल्या घरात चालण्याचा व्यायाम करताना बाईंचा प्रत्येक फेरा त्या कुंडीपाशी संपायचा. फुले अडीच महिने टिकली. एप्रिलच्या अखेरीस ती एकेक करून गळू लागली. शेवटचे फूल पडले त्या दिवशी घरात दोन मते झाली. सूनबाईंच्या मते झाड संपले होते आणि कुंडी कचऱ्यात टाकायला हरकत नव्हती. बाईंना वाटले, झाड आजारी पडले आहे, त्याला रोज भरपूर पाणी द्यायला हवे.

दोन्ही मते चुकीची होती, आणि त्यातले दुसरे कमी धोक्याचे नव्हते. फुले गेल्यावर काही ऑर्किड कचऱ्यात जातात, तर बरीच अतिकाळजीने मरतात. झाड धडधाकट असते, पण घरच्यांना ते आजारी वाटते आणि उपचार सुरू होतात.

फुलांनंतर झाड काय करते?

भेट म्हणून मिळणारे ऑर्किड बहुतेक वेळा फॅलेनॉप्सिस असते. कार्ल ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये या प्रजातीला हे नाव दिले. दिव्यावर झेप घेणाऱ्या पतंगासारखे दिसणारे, असा त्याचा ग्रीक भाषेतील अर्थ. या झाडाचे मूळ घर आग्नेय आशियातील उष्ण, दमट जंगलांत आहे. तेथे ते जमिनीवर वाढत नाही, तर मोठ्या वृक्षांच्या फांद्यांवर राहते. मात्र ते बांडगूळ नव्हे. बांडगूळ यजमान झाडातून पाणी आणि क्षार शोषून घेते. ऑर्किड फांदीचा फक्त आधार घेते. पाणी आणि अन्नद्रव्ये त्याला पाऊस, दमट हवा आणि सालीवर साचलेला पालापाचोळा यांतून मिळतात.

अशा झाडासाठी दोन-तीन महिने फुले सांभाळणे हे खर्चाचे काम असते. फुले गळाल्यावर हा खर्च थांबतो. त्यानंतरचे महिने झाड नवे पान काढते, नवी मुळे धरते आणि पुढच्या बहरासाठी साठा करते. वरून पाहणाऱ्याला काहीच घडत नसल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात पुढच्या वर्षी फुले येणार की नाहीत, हे याच शांत काळात ठरत असते. नीट सांभाळलेले फॅलेनॉप्सिस अनेक वर्षे जगते आणि बहुधा वर्षातून एकदा फुलते.

मुळांची भाषा

ऑर्किडची तब्येत पाहायची तर आधी मुळे पाहावीत. त्यांच्यावर स्पंजासारखा एक जाड थर असतो. तो मृत, पोकळ पेशींचा बनलेला असतो. पावसाची सर आली की हा थर क्षणात पाणी टिपून घेतो आणि मग ते सावकाश आत सोडतो. कोरडा असताना त्यात हवा भरलेली असते, म्हणून मूळ रुपेरी दिसते. ओला झाला की तो पारदर्शक होतो आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. म्हणजे पाणी कधी द्यायचे हे झाडच सांगते. मुळे हिरवी दिसत असतील तर थांबावे, रुपेरी झाली की पाणी द्यावे.

या मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. ती सतत ओली राहिली तर गुदमरतात, कुजतात आणि तपकिरी, मऊ, पोकळ होतात. मुळे कुजली की पानांपर्यंत पाणी पोहोचत नाही. पाने सुरकुततात, लुळी पडतात. घरचे म्हणतात, झाड सुकले, आणखी पाणी घाला. लक्षण तहानेचे असते, पण कारण जास्त पाण्याचे. येथे निदान चुकले की उपचारच झाडाच्या जिवावर उठतो.

ही चूक जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधील धनिकांना ऑर्किडचे वेड लागले. झाडे उष्ण कटिबंधातील, म्हणून त्यांना कोंदट, तापवलेल्या, झरोके बंद केलेल्या काचघरांत ठेवले जाई. दूरदेशांतून आणलेली असंख्य झाडे तेथे मेली. चॅट्सवर्थ येथील डेव्हनशायरच्या ड्यूकचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याने १८३०च्या दशकात ही पद्धत बदलली. उष्णता कमी केली, हवा खेळती ठेवली, पाण्याचा निचरा सुधारला. याच ड्यूकने जॉन गिब्सन या तरुण माळ्याला झाडे गोळा करण्यासाठी भारतात पाठवले होते. खासी टेकड्यांतून त्याने नेलेली ऑर्किड चॅट्सवर्थमध्ये जगली आणि फुललीही. झाडे तशीच नाजूक होती. बदलली होती ती निगा.

दांडा कापावा का?

फुले गळाल्यावर पहिला प्रश्न असतो उरलेल्या दांड्याचा. कात्री हातात घेण्यापूर्वी ऑर्किड कोणते ते ओळखावे.

फॅलेनॉप्सिसला तळाशी समोरासमोर रुंद, जाड पाने असतात. त्याचा दांडा पिवळा किंवा तपकिरी पडून वाळत असेल तर तो बुडाजवळ कापावा. दांडा हिरवा असेल आणि झाड सशक्त असेल, म्हणजे चार-पाच तकतकीत पाने आणि टणक मुळे असतील, तर बुडापासून दुसऱ्या किंवा तिसऱ्या पेराच्या थोडे वर कापता येते. त्या पेरातून दोन-तीन महिन्यांत नवी फांदी फुटून पुन्हा फुले येण्याची शक्यता असते. झाड अशक्त असेल, पाने दोन-तीनच आणि सुरकुतलेली असतील, तर हिरवा दांडाही बुडाजवळून काढावा. दुसऱ्या बहराचा मोह टाळला की ती ताकद मुळांकडे वळते.

डेंड्रोबियमची खोडे उसाच्या बारीक कांड्यांसारखी असतात. त्याचा वाळलेला फुलांचा तुरा तेवढा काढावा. पाने गळालेली कांडी वाळलेली समजून अनेक जण कापून टाकतात. तसे करू नये. कांडी टणक असेल तर तिच्यात पाणी आणि अन्न साठलेले असते. नव्या कोंबाला तीच पोसते, आणि काही वेळा तिच्यावर पुन्हा फुलेही येतात. बारीक पिवळ्या फुलांच्या ऑन्सिडियमचा दांडा मात्र सरळ बुडातून कापावा. त्याच्या एका फुगीर खोडाला साधारणपणे एकदाच बहर येतो. पुढची फुले नव्या खोडावर येतात.

कापण्याच्या हत्याराबाबत शस्त्रक्रियागृहातला नियम लागू करावा. ऑर्किडमध्ये विषाणूंचे आजार होतात आणि ते कात्रीला लागलेल्या रसातून एका झाडातून दुसऱ्यात जातात. झाडाच्या विषाणूवर औषध नाही. एकदा लागण झाली की ती कायमची. अशा विषाणूंसाठी नुसते स्पिरिटने पुसणे भरवशाचे नाही. घरात एकापेक्षा जास्त ऑर्किड असतील तर प्रत्येक झाडासाठी नवे ब्लेड वापरावे किंवा धातूचे पाते ज्योतीवर तापवून गार होऊ द्यावे. स्पिरिटने पुसलेले पाते लगेच ज्योतीवर धरू नये आणि स्पिरिटची बाटली ज्योतीजवळ ठेवू नये. भाजण्याच्या दुर्घटना अशाच घाईत घडतात.

पाणी, उजेड आणि खत

पाणी सकाळी द्यावे. कुंडी बेसिनमध्ये ठेवून सालीतून पाणी मिनिटभर वाहू द्यावे, पूर्ण निथळू द्यावे आणि मगच जागेवर ठेवावे. वार ठरवून पाणी देणे टाळावे. मे महिन्यात कुंडी तीन-चार दिवसांत वाळेल. जुलैत तीच कुंडी आठ-दहा दिवस ओलसर राहील. पारदर्शक कुंडीत मुळांचा रंग दिसतो. नसेल तर कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यावा. पानांच्या मधल्या खोलगट भागात पाणी साचले तर कापसाने टिपून घ्यावे. जंगलात फॅलेनॉप्सिस फांदीवरून बरेचदा तिरके लोंबते, त्यामुळे पाणी आपोआप ओघळून जाते. कुंडीत ते उभे लावलेले असते. तेथे साचलेल्या पाण्याने कोंबच कुजू शकतो, आणि फॅलेनॉप्सिसला वाढीचा कोंब एकच असतो.

उजेड भरपूर हवा, पण दुपारचे कडक ऊन नको. पूर्वेची खिडकी उत्तम. पाने गर्द हिरवी होऊ लागली तर उजेड कमी पडतो आहे, पिवळट किंवा लालसर झाली तर जास्त होतो आहे, असे समजावे. रात्री झाडे खोलीत ठेवू नयेत, अशी भीती अनेक घरांत असते. कुंडीतले झाड रात्री सोडते तो कार्बन डायऑक्साइड शेजारी झोपलेल्या माणसाच्या तुलनेत अगदीच नगण्य असतो. फॅलेनॉप्सिसची गंमत तर अशी की पाणी वाचवण्यासाठी ते दिवसा पर्णरंध्रे बरीचशी मिटून घेते आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेते.

फुले असताना किंवा कळ्या धरलेल्या असताना कुंडी फळांच्या टोपलीजवळ ठेवू नये. पिकणाऱ्या केळी-आंब्यांतून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि त्याने कळ्या गळतात.

फुलांनंतर नवे पान किंवा मूळ दिसू लागले की खत सुरू करावे. बाजारात मिळणारे १९:१९:१९ हे विद्राव्य खत पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या पाव पट घेऊन आठवड्यातून एकदा द्यावे. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढावी, म्हणजे मुळांवर क्षार साचत नाहीत. शेणखत आणि काळी माती या झाडाला चालत नाही. उरलेले खताचे पाणी किंवा कीटकनाशक थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये. घरातील विषबाधेच्या अनेक घटनांमागे अशी बिनचिठ्ठीची बाटली असते, आणि ती बहुधा मुलांच्या हाती लागते. पानांवर पिठ्या ढेकूण दिसले तर औषध फवारण्याआधी कापसाच्या बोळ्याला थोडे स्पिरिट लावून ते पुसून काढावेत. एका झाडासाठी तेवढे पुरते.

कुंडी बदलताना

कुंडी बदलायला फुलांनंतरचा काळ योग्य असतो. साल कुजून भुसभुशीत झाली की, म्हणजे साधारण दीड-दोन वर्षांनी, ती बदलावी. भेट मिळालेली झाडे पुष्कळदा घट्ट दाबलेल्या स्फॅग्नम शेवाळात लावलेली असतात. रोपवाटिकेच्या नियंत्रित हवेत ते ठीक असते. कोकणातल्या आणि मुंबईच्या पावसाळ्यात मात्र ते आठवडेच्या आठवडे ओले राहते. आपल्याकडे झाडाची साल, नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि लोणारी कोळसा यांचे मिश्रण सोपे पडते. कोरड्या हवेच्या भागात सोडण थोडे जास्त, दमट भागात कोळसा जास्त. जुने माध्यम झटकावे, कुजलेली मुळे कापावीत, टणक मुळे ठेवावीत. कुंडीबाहेर लोंबणारी मुळे निरोगी असतात, ती कापू नयेत किंवा दाबून आत कोंबू नयेत. नवी कुंडी मुळांना बेताची बसेल एवढीच घ्यावी.

हे काम करताना स्वतःचीही काळजी घ्यावी. कुजलेल्या सालीत आणि शेवाळात बुरशीचे बीजाणू असतात. आधी थोडे पाणी शिंपडावे, म्हणजे धूळ उडत नाही. काम मोकळ्या हवेत करावे, हातमोजे आणि मास्क घालावा, नंतर हात साबणाने धुवावेत. मधुमेह, दमा किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे असणाऱ्यांनी हे विशेष पाळावे. स्फॅग्नम शेवाळातून स्पोरोट्रायकोसिस हा त्वचेचा बुरशीजन्य आजार होऊ शकतो. १९८८ मध्ये अमेरिकेत अनेक राज्यांतील रोपे हाताळणाऱ्यांमध्ये अशा शेवाळातून त्याची साथ आली होती. हा आजार क्वचितच होतो आणि त्यावर उपचारही आहे. पण हातावरची न दुखणारी गाठ आठवडेच्या आठवडे बरी होत नसेल आणि तिच्या वर दंडाच्या दिशेने आणखी गाठी उठत असतील, तर डॉक्टरांना दाखवताना बागकामाचाही उल्लेख करावा.

ताटलीतले पाणी

ठाण्यातल्या त्या घरात मे महिन्यात कुंडी दिवाणखान्यातून बाल्कनीत गेली. फुले नसलेले झाड समोर कशाला, असा विचार त्यामागे होता. झाडाला दमटपणा लागतो असे कोणीतरी सांगितले, म्हणून खाली खोलगट ताटली ठेवून ती पाण्याने भरली गेली. जूनमध्ये पाऊस सुरू झाला. पाने लुळी पडली, म्हणून पाणी आणखी वाढले. जुलैमध्ये शेजारच्या इमारतीत डेंग्यूचे रुग्ण आढळले आणि महापालिकेचे आरोग्य कर्मचारी घरोघर तपासणीला आले. त्यांनी बॅटरीच्या उजेडात ताटली पाहिली. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास गटारापेक्षा घरातल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालणे पसंत करतो. अंड्यापासून डास होण्यास आपल्या हवामानात साधारण ७ ते १० दिवस लागतात. अंडी पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. त्यामुळे नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा. त्या दिवशी ताटली, फ्लॉवरपॉट, मनीप्लांटची बाटली रिकामी करून आतून घासून काढावी आणि वाळवावी. दमटपणासाठी ताटली ठेवायचीच असेल तर ती खडीने किंवा विटांच्या तुकड्यांनी काठोकाठ भरावी, पाणी खड्यांच्या वर येऊ देऊ नये आणि तीही दर आठवड्याला धुवावी. पावसाळ्यात कोकणपट्टीत तर ताटली काढूनच टाकावी. तेथे हवेत दमटपणा भरपूर असतो.

थांबण्याचा काळ

आपल्या सह्याद्रीतल्या आमरींकडे पाहिले तर ही विश्रांती किती स्वाभाविक आहे ते कळते. कास पठारावर पावसाळ्यात फुलणाऱ्या हबेनारिया फुलून झाल्या की त्यांचा जमिनीवरचा भाग वाळून जातो. खाली कंद पुढच्या पावसापर्यंत पडून राहतो. झाडांवर वाढणाऱ्या काही डेंड्रोबियमची पाने कोरड्या ऋतूत गळतात आणि त्या निष्पर्ण कांड्यांवरच फुले येतात. सीतेची वेणी पावसाच्या तोंडावर थोडे दिवस फुलते आणि उरलेले वर्ष नुसत्या पानांवर काढते. ही झाडे जंगलातच पाहावीत. फांदीवरून ओरबाडून आणलेली आमरी घरात क्वचितच जगते. घरासाठी रोपवाटिकेत वाढवलेली झाडे सहज मिळतात.

घरातल्या फॅलेनॉप्सिसला पुन्हा फुलण्यासाठी ऋतूची खूण लागते. तापमान सतत २८ अंश सेल्सिअसच्या वर राहिले तर ते पानेच वाढवत राहते. काही आठवडे २५ अंशांच्या खालचा गारवा मिळाला की दांडा निघण्याची शक्यता वाढते. पुणे, नाशिककडे हे सहज जमते. मुंबई-ठाण्यात हिवाळा सौम्य असतो, त्यामुळे एखादे वर्ष दांडा येतच नाही. नोव्हेंबरपासून रात्रीचा गारवा मिळेल अशा खिडकीत कुंडी ठेवावी, एसीच्या थेट झोतात नव्हे. त्या वर्षी फुले आली नाहीत आणि पाने, मुळे चांगली असतील, तर झाडाचे काही बिघडलेले नाही.

ठाण्यातल्या बाईंनी तपासणीच्या दिवशीच ताटली घासून कपाटात ठेवली. मग कुंडी उलटी करून पाहिली. काळे पडलेले शेवाळ हातमोजे घालून काढले, कुजलेली मुळे कापली. टणक मुळे फक्त दोन निघाली. सोडण आणि कोळशाच्या छोट्या कुंडीत झाड बसवून त्यांनी ते पूर्वेच्या खिडकीत ठेवले आणि हात आवरता घेतला. काठी सुटायला त्यांना स्वतःला चार महिने लागले होते. फिजिओथेरपिस्टने घाई करू दिली नव्हती, ते त्यांच्या लक्षात होते. दिवाळीच्या सुमारास पानाच्या बुडाशी एक हिरवे टोक दिसले. सूनबाईंना तो फुलांचा दांडा वाटला. दांड्याचे टोक चपटे, एका बाजूला खाच असल्यासारखे असते. हे टोक गोल आणि तकतकीत होते. ते नवे मूळ होते. फुलांना अजून निदान एक वर्ष होते.